वेळ, काळ आणि टाइम

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. एखादा मनुष्य मरणाच्या दाढेंतून सुटला म्हणजे वडील माणसें ती सहज उच्चारतात. परंतु इंग्रजी पढलेल्या कोणा गृहस्थास तिचें भाषांतर करावयास सांगावें, म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. काळासही 'टाइम' आणि वेळेसही 'टाइम'. मग आला कोण आणि आली नाहीं कोण, याचा उलगडा व्हावा कसा? जो शब्द या म्हणीपुढें असा अडखळतो, तोच आज मराठींत वेळेची जागा घेऊं लागला आहे. तो येथें रुजला कसा आणि त्यामुळें आपलें काय बदललें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्याचें कुल पाहूं. 'टाइम' आणि 'टाइड' हे इंग्रजी शब्द सख्खे भाऊबंद असून त्यांचें मूळ 'विभागणें' या अर्थाच्या एका प्राचीन धातूंत आहे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतांतील 'तोडणें' या अर्थाचा 'दा' धातु त्याच घराण्यांतला. 'टाइड' म्हणजे पूर्वी नुसता समय; भरतीओहोटीचा अर्थ त्यास मागाहून आला. आपल्या वेळेची जननी जी संस्कृत 'वेला', तिचेही अर्थ मर्यादा, समुद्राचा किनारा, भरती आणि समय असेच आहेत. अखंड वाहणाऱ्या कालास कोठें तरी कांठ असावा, ही कल्पना दोन्हीकडे दिसते.

पुढें मात्र वाटा फुटल्या. इंग्रजीनें एकाच शब्दावर सारा भार टाकला. घड्याळांतील क्षण, कामास लागणारा अवधि, इतिहासांतील युग, गुणाकारांतील पट, गाण्यांतील ताल, फार काय, कैद्याच्या शिक्षेची मुदत, सर्व कांहीं 'टाइम'च. मराठीनें काळ, वेळ, मुदत, सवड, खेप, पट असे निरनिराळे चाकर ठेविले. आणि एकट्या वेळेचींही दोन लिंगें केलीं. 'वेळ गेला' म्हटलें म्हणजे अवधि खर्ची पडला. 'वेळ गेली' म्हटलें म्हणजे योग्य प्रसंग हातचा सुटला. पहिल्यांत हळहळ थोडी, दुसऱ्यांत फार. हा भेद लहान मूलही चुकत नाहीं.

अशा संपन्न घरांत परक्या शब्दास जागा मिळाली कशी? आमच्या मतें ती मुख्यतः आगगाडीनें करून दिली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६७ सालीं वऱ्हाडांतून जाणारा फांटा नागपुरास पोंचला, आणि या प्रांतींचा कापूस रुळांवरून मुंबईस जाऊं लागला. तोंपर्यंत दिवस मोजावयाचा तो सूर्योदयापासून. चोवीस मिनिटांची एक घटिका, अशा साठ घटिकांची अहोरात्र. पाण्यांत सोडलेलें घटिकापात्र बुडालें कीं घटिका भरली. ज्या गांवीं सूर्य माथ्यावर येई, तेथें त्या गांवची दुपार होई. अमरावतीची दुपार मुंबईच्या सुमारें वीस मिनिटें आधीं होई, आणि त्यावांचून कोणाचें कांहीं अडत नसे.

आगगाडीचें मात्र अडलें. दर स्थानकाची दुपार निराळी मानिली तर वेळापत्रक जमेना. म्हणून रेल्वेनें मद्रासची वेळ सर्वत्र धरली. ती मुंबईच्या सूर्यापेक्षां सुमारें अर्धा तास आणि अमरावतीच्या सूर्यापेक्षां सुमारें दहा मिनिटें पुढें होती. अशा रीतीनें एकाच ठिकाणीं दोन वेळा नांदूं लागल्या. एक गांवची, दुसरी स्थानकाची. गांवची चुकली तर जेवण निवे. स्थानकाची चुकली तर गाडी निघून जाई. माणसाची वाट न पाहणारी जी ही नवी वेळ, तिला 'टाइम' हें नांव शोभलें आणि चिकटलें.

मुंबईनें या वेळेस निकरानें विरोध केला. १८८१ त गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांस मद्रास वेळ लागू केली. लोकांच्या विरोधामुळें दोन वर्षांनीं ती मागें घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्यायशी अंश पूर्व रेखांशावरील प्रमाण वेळ आली, आणि मुंबईच्या घड्याळांस ३९ मिनिटांची उडी घेण्याचा हुकूम झाला. त्याच महिन्यांत जेकब सासून गिरणींतील कामगार या बदलाविरुद्ध उठले. म्युनिसिपालिटीनें तर मुंबई वेळ सोडलीच नाहीं, आणि तिचा हा बाणा १९४७ नंतरही कांहीं वर्षें टिकला. यांत केवळ हट्ट नव्हता. हिंवाळ्यांत ३९ मिनिटें आधीं कामावर हजर होणें म्हणजे अंधारांत घर सोडणें. घड्याळाचा कांटा कोणी फिरवावा, हा प्रश्न कोणी कोणाची झोप घ्यावी या प्रश्नाशीं जोडलेला होता.

वऱ्हाड मुंबई इलाख्यांत नव्हता. १९०३ पासून तो मध्यप्रांतास जोडलेला होता. प्रमाण वेळ येथील सूर्यापेक्षां सुमारें १९ मिनिटें पुढें आहे. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत युद्धासाठीं घड्याळें आणखी एक तास पुढें केलीं होतीं; तेव्हां सूर्य माथ्यावर येईपर्यंत घड्याळांत सव्वा वाजून जात असे!

हे दोन हिशेब आजही शेजारीं शेजारीं पाहावयाचे असतील, तर अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील नांदगांव पेठेस जावें. तेथील औद्योगिक वसाहतींत कापडाचे कारखाने आहेत, विजेचें मोठें केंद्र आहे. तेथें पाळीचा टाइम मिनिटावर चालतो, आणि तो तसाच चालला पाहिजे. भोंवतालच्या काळ्या जमिनींत मात्र ७ जूनच्या सुमारास मृग लागला तरी शेतकरी लगेच तिफण जुंपीत नाहीं. पाऊस पडावा, जमिनीस वापसा यावा, मग पेरणीची वेळ येते. ती कोणत्याही वेळापत्रकांत छापतां येत नाहीं. तिथें 'टाइम झाला' म्हणून भागत नाहीं. 'वेळ साधली' असेंच म्हणावें लागतें.

आम्ही 'टाइम' या शब्दाचे वैरी नाहीं. मराठीनें त्यास पुल्लिंगी करून घरांत घेतलें, 'टायमावर' म्हणून प्रत्यय लाविला, आणि 'टाइमपास' असा नवा समास करून तो शेंगदाण्यांच्या पुड्यांसही बहाल केला. ज्या भाषेनें एवढें पचविलें तिला परक्याचें भय काय? आमची तक्रार एवढीच कीं, गाडीचा, कचेरीचा, पाळीचा टाइम आतां जेवणाचा, लग्नाचा आणि आजाऱ्याजवळ बसण्याचाही होऊं लागला आहे. 'टाइम गेला' असें म्हणतां येतें; परंतु 'वेळ गेली' यांतील चटका त्यांत उतरत नाहीं. आणि ज्या गोष्टीस नांव उरत नाहीं, तिच्याकडे हळूहळू लक्षही उरत नाहीं.

रामनवमीस पुष्कळ मंदिरांत घड्याळाच्या बाराच्या ठोक्यास गुलाल उधळतात. वऱ्हाडांत त्या दिवशीं खरी मध्यान्ह होते ती त्यानंतर सुमारें वीस मिनिटांनीं. घड्याळास दोष देण्याचें कारण नाहीं. तें आपलें काम चोख करतें. परंतु टाइम कोणता आणि वेळ कोणती, हें मुलांना सांगावयाचें असेल, तर त्या दिवशीं अंगणांत एक काठी उभी करावी आणि तिची सावली सर्वांत लहान होईपर्यंत त्यांना पाहूं द्यावी.