शिंप्याची टेप आणि वजनाचा काटा

१८६० च्या सुमारास ब्रिटिश लष्कराने आपले बारा जवान ऑक्सफर्डला पाठवले. आपल्याकडच्या नायक-हवालदारांच्या दर्जाची ही माणसे. ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन नावाच्या गृहस्थाची व्यायामशाळा होती आणि या बाराजणांना लष्कराचे व्यायामशिक्षक म्हणून तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणी अंगाने भरलेला, कुणी काटक. चौथा महिना भरायच्या आतच पंचाईत सुरू झाली. काहीजणांना गणवेशाचा डगला दुसऱ्याच्या मदतीशिवाय अंगात चढवता येईना आणि चढवलाच तर छातीवर दोन काठांमध्ये पंजाभर अंतर राही. आणखी महिन्याभराने डगले अंगात शिरेनासेच झाले. नवे कपडे शिवून येईपर्यंत ही मंडळी ओव्हरकोट घालून व्यायामशाळेत ये-जा करत होती.

मॅक्लारेनने हा प्रसंग १८६९ च्या आपल्या पुस्तकात मिश्कीलपणे सांगितला आहे. पण तो किस्सा सांगून थांबत नाही. प्रत्येकाची उंची, वजन, छातीचा घेर, दंड आणि मनगटाच्या वरचा हात यांची आधीची आणि नंतरची मापे त्याने तक्त्यात मांडली. एकाची छाती पाच इंचांनी वाढली होती. वजनही त्याने घेतले होते, नाही असे नाही. पण तक्त्यात ते इतर रकान्यांसारखाच एक रकाना होते, निकाल देणारा न्यायाधीश नव्हते.

मी वैद्य नाही, व्यायामशिक्षकही नाही. जुन्या पुस्तकांच्या मागे लागलेला माणूस आहे आणि या विषयाकडेही त्याच वाटेने आलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली : शरीराची प्रगती किलोंत मोजायची सवय आपण समजतो तितकी जुनी नाही आणि ती व्यायामशाळेत जन्मलेलीही नाही. व्यायामशाळेची पहिली वही टेपची होती.

मॅक्लारेननंतर हे वेड अटलांटिकपार गेले. हार्वर्डच्या हेमनवे व्यायामशाळेत डॉ. डडली सार्जंट १८७९ पासून विद्यार्थ्यांची बारीकसारीक मापे घेत आणि जिथे कमी तिथला व्यायाम नेमून देत. लंडनमध्ये १८८४ च्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टनने मापनाची प्रयोगशाळाच थाटली. तीन पेन्स देऊन नऊ हजारांहून अधिक लोकांनी तिथे स्वतःला मोजून घेतले. (गाल्टनच्या डोक्यात वंशसुधारणेचे काय शिजत होते, तो वेगळा आणि कडू विषय.) मग आला यूजीन सँडो. १८९७ च्या त्याच्या पुस्तकात शिष्यांची मापे छापलेली आहेत. टपालाने शिकणाऱ्या माणसाला गुरू दिसत नसे. त्याच्या घरी टेप होती आणि कोरा तक्ता होता.

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचे नाव आपण अजूनही रोज अंगात घालतो, सँडो बनियनच्या रूपाने. पण आपल्या तालमीतला हिशेब निराळा होता. तिथे विचारत ते 'जोर किती, बैठका किती', जोडी किती वजनाची फिरवतोस, कुणाशी किती वेळ झुंजलास. शरीर काय करू शकते यावर माप होते, कसे दिसते यावर नव्हते. सँडोच्या तक्त्यापेक्षा मला हा हिशेब अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण सँडोच्या पद्धतीत फसवायला जागा फार. पहिल्या दिवशी श्वास सोडून छाती मोजायची आणि शेवटच्या दिवशी भरून. दंड आधी थंड असताना मोजायचा आणि नंतर व्यायामाने फुगलेला असताना.

मग काटा केव्हा वरचढ झाला? बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले याने १८३० च्या दशकात एक नियम मांडला : प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. कोण लठ्ठ आणि कोण नाही, हे त्याने विचारलेच नव्हते. शंभरेक वर्षांनी अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. उंची अमुक, बांधा लहान, मध्यम किंवा मोठा, तर वजन इतके. बांधा कसा मोजायचा, हे मात्र तक्त्यात नव्हते. विमेदाराचा जीव किती टिकेल हे ताडण्यासाठी केलेला हा तक्ता दवाखान्यांच्या भिंतींवर गेला. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी केटलेच्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले आणि तेच बीएमआय पुढे जगभर चालले. आपल्याकडे रेल्वे फलाटावरची लाल-पिवळे दिवे लुकलुकणारी यंत्रे होतीच. नाणे टाकले की वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर. दोन्हींवर आम्ही सारखाच विश्वास ठेवत असू.

गंमत अशी की, ज्या वर्षी विम्याचे तक्ते निघाले त्याच वर्षी त्यांना छेद देणारा पुरावाही निघाला. अमेरिकी नौदलातले डॉ. अल्बर्ट बेन्के पाणबुड्यांचा अभ्यास करत. खोल पाण्यात रक्तात मिसळलेला नायट्रोजन चरबीत पाण्यापेक्षा सुमारे पाचपट विरघळतो; म्हणून कुणाच्या अंगात चरबी किती, हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न होता. त्यांनी माणसाला आधी हवेत आणि मग पाण्याखाली तोलले. आर्किमिडीजचीच युक्ती. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू जड, त्यामुळे घनतेवरून चरबीचा अंदाज येतो. १९४२ मध्ये त्यांनी आणि वेल्हॅम यांनी पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यांतले सतरा सैन्यात भरतीला अपात्र ठरत होते. पाण्यातल्या काट्याने दाखवले की त्यांचा जडपणा स्नायूंचा आहे.

काटा किलो सांगतो, ते किलो कशाचे हे सांगत नाही. व्यायाम सुरू केलेल्या माणसाला हे सर्वांत आधी जाणवते : दोन महिन्यांत पँटचा पट्टा एक भोक आत गेलेला असतो आणि काटा तिथल्या तिथे. चरबी उतरली, स्नायू भरला, बेरीज तीच राहिली. शिवाय पाणी, मीठ आणि आदल्या रात्रीचे जेवण एका दिवसात किलोभर इकडेतिकडे करतात. कितीतरी माणसे नेमकी याच टप्प्यावर व्यायाम सोडतात. मला हा तपशिलाचा नव्हे, नुकसानीचा प्रश्न वाटतो.

चरबी किती, याइतकेच ती कुठे, हेही महत्त्वाचे. मार्सेयच्या जाँ वाग यांनी १९४७ मध्येच पोटावरची आणि मांड्या-नितंबांवरची चरबी यांत भेद केला होता. फार थोड्यांनी लक्ष दिले. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या योटेबोरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांची ५४ व्या वर्षी मापे घेऊन त्यांचा तेरा वर्षे मागोवा घेतला होता. पक्षाघात आणि हृदयविकाराशी बीएमआयचा ठळक संबंध दिसला नाही. कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर या गुणोत्तराचा दिसला. नुसत्या कमरेच्या मापानेही इथे काम भागले नव्हते, हे टेपच्या भक्तांनी विसरू नये.

इथून गोष्ट पुण्यात येते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपलाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. क्ष-किरणांच्या तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दोन आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. हे जन्मापासूनच दिसते, असे याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दाखवले होते. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती. पोटाचा आणि दंडाचा घेर तर बराच कमी. पण पाठीवरच्या त्वचेची चिमटीत धरून मोजलेली जाडी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. हाडकुळे, तरीही चरबी राखलेले बाळ. हे काट्याला कळणे शक्यच नव्हते. ते टेपने आणि कॅलिपरने सांगितले.

मी स्वतः त्याच जातकुळीतला. नोकरीतल्या दरवर्षीच्या तपासणीत 'वजन योग्य' असा शेरा मिळे आणि घरी सगळे मला 'काडी' म्हणत. एक्कावन्नाव्या वर्षी साखर निघाली. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी कमरेला टेप लावली : ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० आणि बायकांसाठी ८० मानतात. इतकी वर्षे माझी टेप फक्त शिंप्याकडे होती. पँट दर दोन वर्षांनी सैल करून घेताना त्याने ती माहिती मला न चुकता दिली होती, फक्त इंचांत.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मापे लिहितो. कंबर, नितंब, छाती, दंड, मांडी. वजन शेवटच्या रकान्यात. सकाळी, काही न खाता, श्वास सहज सोडून झाल्यावर, टेप कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही अशी. टेप ताणायचा मोह अनावर असतो. म्हणून काही टेपांच्या टोकाला स्प्रिंग असते, म्हणजे ताण प्रत्येक वेळी सारखाच राहतो.

कंबर नेमकी कुठे मोजायची, यावर मात्र मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटना सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध सांगते. अमेरिकेतली आरोग्यसंस्था हाडाच्या काठाच्या लगेच वर. एकाच माणसाची दोन ठिकाणची मापे सहज दोन-तीन सेंटिमीटरनी वेगळी येतात. अमेरिकी नौदलाने १९८४ मध्ये पुरुषांसाठी मान आणि पोट, तर स्त्रियांसाठी मान, कंबर आणि नितंब अशी मापे घेऊन चरबीचा अंदाज बांधायचे सूत्र तयार केले. अमेरिकी भूदलही अनेक वर्षे मान मोजत असे. २०२३ मध्ये त्यांनी मान सोडून दिली आणि बेंबीच्या पातळीवरचा एकच घेर आणि वजन यांवर ते आले. माझ्या वहीत पहिल्या पानावर मी जागा लिहून ठेवली आहे : बरगडी आणि हाड यांच्या मधोमध, उजव्या कुशीवर जो तीळ आहे, त्याच्या एक बोट खाली.