न वाचलेले चेहरे

चेहरा हा मनाचा आरसा होय, असे आपण सहज म्हणून जातो. आई हसली की तान्हे मूल हसते. तिच्या कपाळाला आठी पडली की ते बावरते. ही लिपी कोणी कोणास शिकवीत नाही. परंतु काही मुलांना ती सहजासहजी लागत नाही, आणि त्यांच्या मुद्रेवरील भाव इतरांस उमगत नाहीत. या मुलांना आज स्वमग्न म्हणतात. त्यांचे चेहरे समजून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास जितका ज्ञानाचा, तितकाच गैरसमजांचाही आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी ही मुले समोरच्याच्या तोंडाकडे क्वचितच पाहत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स आस्पेर्गर यांनीही अशाच मुलांची निराळी नजर आणि निराळे हावभाव टिपले.

कॅनर यांनी हे वैगुण्य जन्मजात मानले होते. तथापि आईबापांच्या थंड स्वभावाचाही उल्लेख त्यांनी केला, आणि त्यातून मोठा अन्याय घडला. मूल हसत नाही, कारण आईने माया दिली नाही, असा समज बळावला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून तो खोडून काढला. ते स्वतः अशाच एका मुलाचे पिता होते. तरीही १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने त्या समजास पुन्हा बळ दिले. अखेर १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त ठरविले. तोवर कित्येक मातांनी तो कलंक निमूटपणे सोसला होता.

मग संशोधकांचे लक्ष मुलांच्या पाहण्याकडे वळले. १९८७ साली इंग्लंडमध्ये वीक्स आणि हॉब्सन यांनी मुलांना माणसांची छायाचित्रे वेगळी लावावयास दिली. इतर मुलांनी बहुधा चेहऱ्यावरील भाव पाहून ती लावली. स्वमग्न मुलांपैकी बहुतेकांनी आधी डोक्यावरच्या टोप्या पाहिल्या. त्यांची दृष्टी अधू नव्हती. तिला महत्त्वाचे वाटत होते ते निराळे होते.

परंतु वाचन एकाच बाजूने चुकते काय? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हा प्रश्न उलटा विचारला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वमग्न प्रौढांनी मुद्रेवर आणलेले भाव पाहणाऱ्यांना कमी ओळखता आले. विशेष म्हणजे पाहणारे स्वमग्न असले तरी तीच अडचण आली. म्हणजे त्यांची अशी एक सामाईक लिपी नाही. ज्याचे त्याचे अक्षर वेगळे आहे.

भारतात १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद झाली. कायद्याने हक्क मिळतात. ओळख मात्र घरात आणि शाळेत व्हावयाची असते. आनंद झाला असता एखादे मूल हसत नाही, नुसते हात फडफडवते. ते आनंदले आहे, हे ज्या आईला त्या हातांवरून कळते, तिने ते अक्षर वाचावयास शिकून घेतलेले असते.