जड धातू : मासे व कोंबड्यांतील

शिसे, कॅडमियम, पारा व धातुसदृश आर्सेनिक यांचा पाळीव मासे-कोंबड्यांच्या शरीरात होणारा साठा.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय उजनी जलाशयापाशी येतो (पहा : भीमा नदी). पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीवाटे भीमेत व पुढे उजनीत उतरते. धातू कुजत नाहीत, गाळात बसतात. तळाशी चरणारा मृगळ मासा त्यांच्या अधिक जवळ. शिसे व कॅडमियम यकृत, मूत्रपिंडे, कल्ल्यांत जास्त साठतात. पारा मात्र थेट मांसात मुरतो, कल्ले-आतडी काढून तो जात नाही.

कोंबड्यांत वाट खाद्याची. रॉक्सारसोन या आर्सेनिकयुक्त खाद्य-औषधाची अमेरिकेतील विक्री २०११ मध्ये थांबली.

शिसे मुलांच्या मेंदूला, कॅडमियम मूत्रपिंडांना, मिथिल पारा (पाऱ्याचे सेंद्रिय रूप) गर्भाच्या मज्जासंस्थेला घातक असतो (पहा : मिनामाता रोग).