टिळकांचे दुसरे समर्पण

प्रभूच्या सेवेस वाहून घेतलेल्या मनुष्याने स्वार्थ सोडला, असे आपण सहज म्हणतो. परंतु सेवेला लागल्यावर त्या सेवेच्या आश्रयानेच नवा स्वार्थ घर करतो, ही गोष्ट मंडळीच्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही. महाराष्ट्रातील मंडळीला या बाबतीत विचार करण्याजोगा एक प्रसंग लाभला आहे. तो रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या अखेरच्या दोन वर्षांतील होय.

टिळकांचे पहिले समर्पण सर्वश्रुत आहे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात सुटली, आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. उपदेशांतून आपण सांगतो ती हीच कथा. आमच्या मते दुसरे समर्पण अधिक कठीण होते. कारण पहिल्या वेळी जे सोडावयाचे ते जुने होते, दुसऱ्या वेळी जे सोडावयाचे ते प्रभूच्याच नावाने मिळालेले होते.

लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांची गीते मंडळ्यांतून गाइली जात होती. ज्या अमेरिकन मराठी मिशनचे ते सेवक होते, ते १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरास रुजलेले होते. अशा संस्थेचा दरमहाचा पगार व तिने दिलेली प्रतिष्ठा, या दोहोंवर कोणाही सेवकाचे म्हातारपण निर्वेध गेले असते.

१९१७ साली टिळकांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला. मिशनशी त्यांचे भांडण नव्हते. ख्रिस्ती प्रचारक म्हणजे परक्यांचा पगारी माणूस, ही जी समजूत लोकांत दृढ झाली होती ती त्यांना सलत होती. ज्या देशात साधूला कोणी वेतन विचारीत नाही, त्या देशात ख्रिस्ताची साक्ष वेतनाच्या आडून ऐकू जात नाही, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावयाचे होते. मंडळीतील पुष्कळांना हे रुचणे शक्य नव्हते. आजही रुचेल असे नाही.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ही देवाची इच्छा होती, की टिळकांच्या उतावळ्या स्वभावाची? गेथशेमाने बागेत प्रभूने प्रथम आपल्याला काय हवे ते उघड मागितले आणि मगच ते पित्याच्या स्वाधीन केले. ज्याला स्वतःची इच्छा ओळखू येत नाही, तो ती सोडणार कशी? कित्येकदा ती देवाच्या इच्छेचे नाव धारण करूनच पुढे येते. शिवाय टिळक गृहस्थ होते. त्यांच्या दानशूरपणाचा आणि लहरींचा भार घरावर कसा पडे, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसतखेळत सांगितले आहे. त्या हसण्यामागची ओढाताण वाचकाला दिसल्यावाचून राहत नाही. एकाच्या त्यागाची किंमत दुसऱ्याने द्यावी, हे आम्हांला निर्दोष वाटत नाही. तथापि पगार सोडताना टिळकांनी त्याच्या मोबदल्यात दुसरे पद मागितले नाही, हेही खरे. बदली, बंगला व समितीतील जागा यांवरून ज्या मंडळ्यांत तंटे चालतात, तेथील पाळकांनी व प्रचारकांनी एवढा भाग तरी बारकाईने अभ्यासावा.

दरबाराला आकार येण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस निवर्तले. त्यांच्यामागे तो संघ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्यही अपुरेच राहिले होते. त्याचे उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.