पाटणचा शिलालेख आणि आकाशांतून परतलेलीं माणसें

खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें सांपडलेला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी, यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला व त्यास शके ११२८ मध्यें दान मिळालें, असें त्यांत कोरलें आहे.

शके १०७२ च्या ‘सिद्धान्तशिरोमणीं’त आचार्य सांगतात कीं, पृथ्वी आकाशांतील जड वस्तूस आपल्या शक्तीनें ओढते, म्हणून ती पडतेसें दिसतें, चोहोंकडे सारखेंच आकाश असतां पृथ्वीनें स्वतः पडावें तरी कोठें? यांत न्यूटनचा सगळा नियम शोधणारांशीं आमचें जुळत नाहीं. ओढीचें मोजमाप येथें नाहीं. प्रश्न मात्र मोठा आहे.

१९ मार्च २०२५ रोजीं, आपल्याकडे पहांट असतां, सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर फ्लॉरिडाजवळ समुद्रांत उतरलीं, तेव्हां तो आम्हांस आठवला. आठएक दिवसांसाठीं गेलेलीं तीं दोघें २८६ दिवसांनीं परतलीं. अंतराळस्थानकावर पृथ्वीची ओढ पोंचत नाहीं, ही समजूत सुशिक्षित घरींही आढळते. वास्तविक त्या ४०० किलोमीटर उंचीवर ती भूतलावरच्या सुमारें नऊदशांश असते! स्थानक अखंड पडतच असतें. पण ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगामुळें तें जितकें खालीं येतें, तितकी गोल भूमीही खालीं वळलेली असते. परततांना हा वेग किंचित् कमी केला कीं पुरे. पुढचें काम हवा आणि छत्र्या करितात.

शरीराची गोष्ट निराळी. महिनोन्महिने स्वतःचें वजन न पेलल्यानें हाडें व स्नायू झिजतात. नित्य व्यायाम करूनही उतरल्यावर दोघांना स्ट्रेचरवरूनच न्यावें लागलें.