चार डोळ्यांचा कुत्रा

रानकुत्र्यांच्या टोळीला वाघही वचकतो, असं मध्य भारतातल्या जंगलाकाठी सांगतात, आणि त्याचं कारणही सांगतात. रानकुत्रा म्हणे आपल्या शेपटीवर मुततो आणि ती ओली शेपटी वाघाच्या डोळ्यांवर फटकारतो. वाघ आंधळा होतो, मग टोळी त्याच्यावर तुटून पडते. भंडारा जिल्ह्यातलं कोका अभयारण्य आणि त्याला लागून असलेलं नागझिऱ्याचं रान याच जंगलपट्ट्यात येतं. इथले रानकुत्रे तांबूस, झुपकेदार शेपटीचे, पंधरा-वीस किलोंचे. ते गावकुत्र्यासारखे भुंकत नाहीत, शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना हाक देतात. शेपटीच्या गोष्टीला प्राणिशास्त्रात आधार नाही. पण मोठ्या टोळीपुढे वाघ कधीकधी मागे सरतो, हे मात्र खरं आहे. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं ते हे, आणि त्याचा उलगडा करायला त्यांनी त्या लहान जनावराला एक अचाट शक्ती बहाल केली.

कुटुंबानं एकत्र बसून पाहायचा ‘शक्तिमान कुत्र्याचा सिनेमा’ याच रीतीनं जन्मला, असं माझं म्हणणं आहे. कुत्रा जे खरोखर करतो ते आधी, शक्तीची जोड नंतर.

या सिनेमाचं मूळ सहसा अमेरिकी चित्रकथांमध्ये शोधलं जातं. सुपरमॅनचा उडणारा कुत्रा क्रिप्टो मार्च 1955 च्या अंकात पहिल्यांदा आला. 1964 मध्ये ‘अंडरडॉग’ ही दूरचित्रवाणीवरची व्यंगमालिका सुरू झाली, 2007 मध्ये तिचा चित्रपट निघाला. 2008 च्या ‘बोल्ट’मधल्या कुत्र्याला आपल्यात शक्ती आहे असं नुसतं वाटत असतं, आणि ती नाही हे कळल्यावर तो खऱ्या अर्थानं शूर होतो. या सगळ्या उशिरा फुटलेल्या फांद्या आहेत. वंशाचा बुंधा शोधायचा तर आधी इंग्लंडात, 1905 मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी सेसिल हेपवर्थ यांनी ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा जेमतेम सात मिनिटांचा मूकपट काढला. ‘कौटुंबिक चित्रपट’ हे विशेषण याच्याइतकं क्वचितच कुठल्या चित्रपटाला शोभलं असेल. बाप झाले स्वतः हेपवर्थ, आई झाली त्यांची पत्नी, गोष्टही तिनेच लिहिली. पळवलं जाणारं तान्हं मूल त्यांची मुलगी बार्बरा, आणि रोव्हर म्हणजे घरचा कुत्रा ब्लेअर. खर्च आठ पौंडांच्याही आत. एक भिकारीण बाबागाडीतलं मूल पळवते. कुत्रा खिडकीतून उडी टाकतो, गल्ल्या धुंडाळतो, नदी पोहून जातो, एकेका दारात डोकावतो, माळ्यावरचं मूल शोधतो आणि परत येऊन मालकाला तिथे नेतो. या चित्रपटाच्या सुमारे 400 प्रती विकल्या गेल्या. प्रती काढता काढता मूळ निगेटिव्ह झिजलं, म्हणून तोच चित्रपट पहिल्यापासून पुन्हा चित्रित करावा लागला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा.

या सात मिनिटांत पडद्यावरच्या कुत्र्याची सगळी जादू आहे. ब्लेअर बिचारा काहीच शोधत नव्हता. कुणीतरी हाक मारली की तो धावत होता. पण हेपवर्थ यांनी वाटेचे तुकडे अशा क्रमानं जोडले, की जाताना गल्ली, नदी, दारांची रांग, आणि परतताना तीच नदी, तीच गल्ली उलट दिशेनं. जागा ओळखीच्या झाल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात आपोआप उतरतं, की हा माग काढतोय, याला ठाऊक आहे, याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कुत्र्याची बुद्धी दोन तुकड्यांच्या सांध्यात तयार झाली. सलग घडणारी गोष्ट तुकड्यांतून सांगण्याची कला सिनेमा तेव्हा शिकत होता, आणि त्या शिक्षणातला एक महत्त्वाचा धडा एका कुत्र्याच्या धावण्यावर गिरवला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आज संगणकानं कुत्र्याला आकाशात उडवतात, तरी तो ‘विचार करतोय’ हे दाखवायला सांधा तोच लागतो. आधी कुत्र्याचा चेहरा, मग तो पाहतोय ती वस्तू, मग पुन्हा चेहरा.

पुढचा टप्पा युद्धातून आला. सप्टेंबर 1918 मध्ये फ्रान्समधल्या फ्लिरी गावाजवळ, बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कुत्र्यांच्या छावणीत ली डंकन या अमेरिकी सैनिकाला जर्मन शेफर्डची पिल्लं सापडली. त्यातलंच एक रिन टिन टिन. मूकपटांच्या काळात तो वॉर्नर ब्रदर्सचा मोठा तारा झाला. नायकाला शब्द नसणं ही तेव्हा अडचण नव्हतीच. 1943 मध्ये ‘लॅसी कम होम’ आला. त्यातल्या लॅसी या कुत्रीचं काम पाल नावाच्या नर कुत्र्यानं केलं.

हा प्रवाह मुंबईत उतरला तो परळला. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी 1933 मध्ये तिथल्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोन उभी केली. पुढे 1942 मध्ये याच जागी व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर आलं. 1935 च्या ‘हंटरवाली’नं स्टंटनायिका नादियाला घराघरांत पोचवलं. तिच्या चित्रपटांतले साथीदार ठरलेले असत. ‘पंजाब का बेटा’ हा घोडा, ‘रोल्स रॉइस की बेटी’ ही मोटार आणि ‘गनबोट’ हा कुत्रा. 1937 च्या ‘तूफानी टारझन’मध्ये जंगलात वाढणाऱ्या नायकाचा सोबती होता मोती नावाचा कुत्रा. स्टंटपटांना अभिरुचीवाल्यांनी नाकं मुरडली. पण आपल्याकडच्या पडद्यावर प्राण्याला नाव, स्वभाव आणि कथेत स्वतःचं काम मिळण्यात या चित्रपटांचा मोठा वाटा आहे. तो मोकळेपणानं मान्य करायला हवा.

तंत्राची बाजू ही अशी. शक्तीची बाजू मात्र परळहून नाही, विलायतेहून तर नाहीच नाही. ती आपल्या घरातच होती.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 108 व्या सूक्तात सरमा येते. ती इंद्राची कुत्री. इंद्राचे शत्रू असलेल्या पणींनी गाई पळवून डोंगरात दडवल्या आहेत. सरमा त्यांचा माग काढत रसा नदी ओलांडते, लपवलेलं धन शोधते आणि पणींसमोर उभी राहते. ते तिला लालूच दाखवतात, आमची बहीण हो, गाईंतला वाटा घे म्हणतात. ती बधत नाही. हेपवर्थ यांच्या रोव्हरची गोष्ट आता पुन्हा आठवून पाहावी. चोरी, माग, नदी, दडवलेली जागा, आणि धन्याशी इमान. हेपवर्थ यांनी ऋग्वेद वाचला असेल असं मला अजिबात सुचवायचं नाही. कुत्र्याचं नाक जगभर सारखंच असतं, म्हणून गोष्टही सारखी निघते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटींच्या घरात. आपल्याला जे ‘नाही’ असतं ते त्याला ढळढळीत असतं.

सरमेची पिल्लं ते सारमेय. यमाच्या वाटेवर पहारा देणारे दोन कुत्रे सरमेचेच, आणि ऋग्वेदात त्यांना चार डोळे आहेत. ज्यांच्या डोळ्यांवर दोन पिवळसर ठिपके असतात अशी कुत्री गावोगाव दिसतात, आणि चार डोळे म्हणजे हेच असावेत असं अभ्यासकांनी म्हटलं आहे. मला ते पटतं. रात्री कुत्रं गळा काढून रडलं की म्हातारी माणसं अजूनही अस्वस्थ होतात, त्याला काहीतरी दिसलं म्हणतात. शक्ती ती हीच. आपल्या कुत्र्यानं उडण्याची हौस कधी केली नाही. त्याला दिसतं, आणि जे दिसलं ते तो विसरत नाही. तो साक्षीदार आहे.

महाभारत या साक्षीदाराला केवढा मान देतं पाहा. आदिपर्वात राजा जनमेजयाच्या यज्ञापाशी त्याचे भाऊ एका कुत्र्याच्या पिल्लाला मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, की माझ्या लेकरानं हवीला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंही नाही, मग मारलं का? कुणाला उत्तर देता येत नाही आणि ती शाप देते. आणि त्या ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, हिमालयात युधिष्ठिरामागे चालत राहिलेला कुत्रा धर्म ठरतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे, आणि दोन्हीकडे प्रश्न न्यायाचा आहे.

मराठी मुलखात दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसली, त्यांना लोकांनी चार वेद मानलं. खंडोबाजवळ कुत्रा आला. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर कीर्तनातून घराघरांत पोचले.

भंडाऱ्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे. गोष्ट बंजाऱ्याची. मीठ आणि धान्य बैलांवर लादून हा सगळा मुलूख तुडवणाऱ्या बंजाऱ्यांपैकी एकानं कर्जापायी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात दडवला तो कुत्र्यानं पाहिला, आणि सकाळी सावकाराला धोतराला धरून तिथे नेलं. सावकारानं खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. कुत्रा परत आलेला पाहून, हा पळून आला, माझा शब्द गेला, या संतापात बंजाऱ्यानं त्याला मारलं. चिठ्ठी नंतर दिसली. अशा गोष्टी दूरदूरच्या मुलखांत आहेत. पंचतंत्रातलं मुंगूस आहे, वेल्समधला गेलर्ट हा कुत्रा आहे. पण सावकार, गहाण आणि कर्ज यांनी बंजाऱ्याची गोष्ट या मातीत घट्ट रुतली आहे. कुत्र्याला सगळं कळतं, सांगता मात्र येत नाही, आणि माणसाला वाचता येत असून तो वाचत नाही.

हिंदी सिनेमानं हीच नस पकडली. 1985 चा ‘तेरी मेहरबानियां’ हा कन्नडमधल्या ‘थालिय भाग्य’वरून आला. त्यातला मोती धन्याचा खून पाहतो, लक्षात ठेवतो, आणि एकेका खुन्याला गाठतो. चित्रपट कसाही असो, त्यातला कुत्रा सरमेच्या गोत्रातला आहे. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये चिठ्ठी पुन्हा आली. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लल्लू कृष्णाच्या मूर्तीपुढे हात जोडतो, आणि टफी हा कुत्रा नायिकेनं लिहिलेली चिठ्ठी नायक प्रेमकडे न नेता त्याच्या थोरल्या भावाकडे नेतो. ना उल्का, ना प्रयोगशाळा. शक्ती थेट देव्हाऱ्यातून आली, आणि थिएटरात कुणालाही ते खटकलं नाही. देवाचं काम कुत्रा करतो हे प्रेक्षकाला सिनेमाच्या आधीपासून ठाऊक होतं.

या वंशात एका गोष्टीची हानी झाली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सरमा बोलत होती. पणींशी वाद घालत होती, राजाला प्रश्न विचारत होती. सिनेमातला कुत्रा मूकपटात जन्मला आणि बोलपटातही बहुतेक मुकाच राहिला. त्याच्या वाट्याला धावणं, ओढणं आणि पाणावलेले डोळे आले.

त्याला वाचा परत देता येईल अशी एक जागा मात्र आहे. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडार हे लोकनाट्य होतं, आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. या रंगभूमीला प्राणी शिकवण्याचा खटाटोप नको आणि संगणकाचा खर्चही नको, कारण इथे सोंग माणूसच घेतो. कुकुरदेवाची गोष्ट घेऊन एखाद्या मंडळीनं कुत्र्याचं सोंग उभं केलं, तर त्याला झाडीबोलीत सावकाराशी हुज्जत घालता येईल आणि बंजाऱ्याला गळ्यातली चिठ्ठी आधी वाच म्हणून दटावताही येईल. ते नाटक लिहायला कुणीतरी बसावं. मी ते रात्रभर जागून पाहीन.