एकच प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर काय अडतं? भिवंडीच्या गोदामातून समजून घ्या

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. पण आता मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामं ही त्याची दुसरी ओळख झाली आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांचा माल या पट्ट्यात साठवला जातो. अशा गोदामातून निघणाऱ्या एका पार्सलमागे अनेक सॉफ्टवेअर असतात आणि ती सगळी एकाच भाषेत लिहिलेली नसतात.

कुठे कोणती भाषा लागते?

तुम्ही ऑर्डर देता त्या वेबसाइटवर, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालते. बारकोड वाचणारं उपकरण अँड्रॉइडचं असेल, तर त्यातलं ॲप बहुतेक वेळा जावा किंवा कोटलिनमध्ये असतं. कोणता माल कोणत्या रॅकवर आहे, हे डेटाबेसला विचारायला एसक्यूएल लागते. पुढच्या महिन्यात किती माल लागेल, याचा अंदाज बांधायला अनेकदा पायथन वापरतात.

प्रत्येक कामाला वेगळा माणूस असेल तर?

मोठ्या कंपनीत तो असतोच. तरीही दुसरी भाषा उपयोगी पडते, कारण तिच्यासोबत विचार करण्याची वेगळी पद्धत येते. समजा, काल किती पार्सल निघाली हे हवंय. फक्त जावा येणारा नवखा प्रोग्रामर लाखो नोंदी मागवून एकेक मोजत बसेल. एसक्यूएल येणारा डेटाबेसलाच मोजायला सांगेल आणि फक्त आकडा मागवेल. उत्तर एकच, पण पहिल्या पद्धतीत वेळ आणि मेमरी दोन्ही वाया जातात.

नोकरीचा काय संबंध?

भाषांचे दिवस बदलतात. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ मध्ये तिला पहिली पसंती जाहीर केली. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर बंद केला, तेव्हा त्यासाठी वापरली जाणारी ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा जवळपास निरुपयोगी झाली. फक्त तीच येत असलेल्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

मग किती भाषा शिकायच्या?

एकदम चार नकोत. आधी एक नीट शिका, तिच्यात एखादं छोटं काम पूर्ण करा. दुसरी मात्र वेगळ्या धाटणीची निवडा. व्हेरिएबल, अट, लूप या गोष्टी बहुतेक भाषांत सारख्याच असल्याने दुसरी भाषा पहिलीपेक्षा लवकर जमते. तिसरीला तर त्याहून कमी वेळ लागतो.